सहीपुरती जागा

साहेब,

तुमच्या मरणाची बातमी नगरच्या वर्तमानपत्रात चार ओळींत आली. त्यातल्या दोन ओळी तुमच्या हुद्द्यांनीच खाल्ल्या. तिसरीत तुम्ही 'कर्तव्यदक्ष' होता असं छापलंय आणि चौथीत मागे कोण कोण राहिलं ते. मी कात्रण फाडून ठेवलं. मग लक्षात आलं, की इतकी वर्षं तुमच्या नावाचा प्रत्येक कागद मीच लिहीत आलो आणि हा तेवढा दुसऱ्या कोणी लिहिला. वाईट लिहिलाय. मसुदा माझा असता तर तुम्ही 'कर्तव्यदक्ष' खोडून समासात विचारलं असतं, 'म्हणजे काय, साळवे?'

परवा तुमचं तेरावं झालं. बाईसाहेबांनी मलाही पानावर बसवलं. वाढणाऱ्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं, त्या म्हणाल्या, "साळव्यांना आधी वाढा." मला जेवण गेलं नाही. काल मी सावरदऱ्याला जाऊन आलो. तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे. पण नुसतं तेवढं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, संदर्भ द्या, मागचा पत्रव्यवहार जोडा. म्हणून मागचं जोडतो.

मी तुमच्याकडे शिरस्तेदार म्हणून आलो तेव्हा कचेरीत तुमची टिंगल चालायची, हे तुम्हाला ठाऊक होतं का? प्रांतसाहेब म्हणजे चार तालुक्यांचा धनी. त्याने हुकमावर सही करावी, घोड्यावर बसावं आणि पुढल्या मुक्कामाला जावं. तुमचं मात्र भलतंच. ज्याच्याबद्दल कागद असेल त्याला आणि त्याच्या गावाला चावडीत बसवून कागद मोठ्याने वाचायला लावायचा, कोणाचं काही म्हणणं आहे का विचारायचं आणि मगच सही. एकेका गावात अर्धा दिवस जायचा. कारकून एकमेकांना विचारायचे, "आजचं कीर्तन किती वाजता?" आणि कीर्तनकार मी. माझा घसा बसायचा आणि तुम्ही माझ्यासाठी खडीसाखर बाळगायचा.

हे खूळ कुठून आलं ते तुम्ही मला एकदा सांगितलं होतं. तुम्ही पारनेरला मामलेदार होता. एका माणसाला समन्स काढलं होतं, हजर न झाल्यास पकडून आणण्याचं. शिपायाने ते चावडीपुढे सहज वाचलं, तर एक म्हातारी उठून म्हणाली, "माझा मालक मरून बारा वर्सं झाली बाबा. तुमास्नी घावला तर मलाबी सांगा." सगळी चावडी हसली, तुम्हीही हसलात. पण तंबूत परत आल्यावर त्या कागदावरची आपली सही बघत बसलात. "साळवे," हे सांगताना तुम्ही मला म्हणालात, "मी एका मेलेल्या माणसाला पकडून आणायचा हुकूम दिला होता. जिवंत असता तर त्याला आणलाच असता की." त्या दिवसापासून वाचून दाखवल्याशिवाय सही नाही.

मला ते खूळ पुढे आवडायला लागलं, हे मी कधी बोललो नाही. आमच्या प्रार्थनामंदिरात शास्त्रपाठ वाचतात तसा मी हुकूम वाचायचो. लोक ऐकायचे. 'दक्षिणेस ओढा' म्हटलं की एखादा म्हणायचा, "ओढा उगवतीला हाय, साहेब." मग तुम्ही माझ्याकडे बघायचा आणि मी खोडायचो. आपल्या कागदांत जेवढी खाडाखोड असायची तेवढी साऱ्या जिल्ह्यात नसेल. वरून शेरे यायचे, 'कागद स्वच्छ पाठवावेत.' तुम्ही ते शेरे मला वाचून दाखवायचा.

आणि एक गोष्ट. फिरतीवर तुमचा आचारी सोवळ्याचा होता. ख्रिस्ती कारकुनाचं पान तुमच्या पानाशेजारी मांडायला तो तयार नव्हता. तुम्ही त्याला एका शब्दाने रागावला नाहीत. आपलं ताट उचललंत, तंबूबाहेर माझ्या सतरंजीवर येऊन बसलात आणि म्हणालात, "आत उकडतंय." डिसेंबर महिना होता, साहेब. माझे दात वाजत होते. त्यानंतर प्रत्येक मुक्कामाला तुम्हाला आत उकडू लागलं.

हे सगळं लिहितोय ते अशासाठी, की पुढचं लिहायचं टाळतोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, मुद्द्यावर या.

बेचाळीस साल. श्रावण संपत आला होता. तारा तुटत होत्या, टपालाच्या थैल्या पळवल्या जात होत्या, शाळा ओस पडल्या होत्या. बालाघाटाच्या अंगाला, निजामाच्या हद्दीलगत सावरदरा. तिथली चावडी एका दुपारी पेटवली गेली आणि गावचं सगळं दप्तर जळून गेलं. आपला मुक्काम तिथून चार कोसांवर डाकबंगल्यात होता. वरून तारेमागून तार येत होती, की दोन दिवसांत माणसं धरा नाहीतर का धरली नाहीत ते लिहा. तिसऱ्या दिवशी सकाळी सावरदऱ्याचे दौलत पाटील घोड्यावरून यादी घेऊन आले. अकरा नावं होती. सोबत पोलिसांची मोटार उभी होती, इंजिन चालू ठेवून.

तुम्ही यादी हातात घेतलीत आणि सवयीने म्हणालात, "चला, सावरदऱ्याला जाऊन वाचू."

आणि मी म्हणालो, "साहेब, आज नको."

मी काय काय म्हणालो ते मला अक्षरशः आठवतं. आज लोक जमवले तर दगड येतील. नावं ऐकली की अकराच्या अकरा हद्द ओलांडून निजामाच्या मुलुखात जातील आणि मग वर काय लिहायचं? यादी पाटलांची आहे, पाटील गावचा माणूस आहे. एक दिवस कीर्तन नाही झालं तर काय बिघडतं? 'कीर्तन' हा शब्द मी तुमच्या तोंडावर पहिल्यांदा वापरला. यातलं दगडांचं खरं होतं. शेजारच्या गावात आदल्या दिवशी एका कारकुनाचं डोकं फुटलं होतं आणि वाचणारा कारकून मी होतो. मी भ्यालो होतो. बाकीची कारणं मी त्या भीतीला नेसवलेली होती.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी यादीखाली हुकूम लिहून काढला. मग मोटारीच्या टपावर कागद ठेवून सही केलीत. सहीसाठी मी खाली जागा सोडली होती, नेहमीसारखी.

अकरापैकी दहा जणांचं मला माहीत नाही. असतील चावडीपाशी, नसतीलही. अकरावा गेणू होता. दौलत पाटलांचा भाऊबंद. त्या गावात पाटीलकी पाळीपाळीने दोन घरांत फिरायची आणि पुढल्या वर्षी पाळी गेणूच्या घरावर जायची होती. तुम्हा-आम्हाला हे ठाऊक होतं. फिरतीच्या टिपणात मीच ते लिहून ठेवलं होतं. यादी बघताना मला ते आठवलं नाही. तुम्हालाही आठवलं नाही. चावडीत वाचली असती तर साऱ्या गावाला आठवलं असतं. गेणूची जमीन कोरडवाहू, म्हणून तो तिकडे कोपरगावला एका बागायतदाराच्या उसाला पाणी द्यायला राहिला होता. चावडी पेटली तेव्हा तो गोदावरीच्या काठावर होता. पोळ्याला दोन दिवसांची सुट्टी घेऊन आदल्या संध्याकाळी घरी आला होता. नाव वाचलं असतं तर कोणीतरी उठून बोललंच असतं. पारनेरची म्हातारी उठली तशी.

मोटार सावरदऱ्यात पोचली तेव्हा गेणू बैलाची शिंगं रंगवत होता. एक शिंग हिंगुळाने रंगवून झालं होतं. दुसरं तसंच राहिलं. हे मला पुढे त्याच्या बायकोने सांगितलं.

खटला नव्हता, नुसतं अडकवून ठेवायचं होतं. त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. सहा महिन्यांनी तुरुंगात हगवणीने गेणू गेला. कळवण्याचं पत्र आपल्याच कचेरीतून गेलं, माझ्याच अक्षरात.

गेणूची बायको मथुराबाई पहिल्यांदा आली ती त्या उन्हाळ्यात. तंबूसमोरच्या लिंबाखाली येऊन बसली. रडली नाही, ओरडली नाही. शिपायाने हटकलं तर म्हणाली, "साहेबास्नी भेटायचं हाय. येळ झाला तरी चालंल." तुम्ही तिला आत बोलावलंत, बसायला सांगितलंत. ती उभीच राहिली.

"माझा मालक त्या दिशी गावात नवता," ती म्हणाली. "कोपरगावला हुता. त्यो मेला, त्याला आता तुमी काय करनार? पर कागदावरनं त्याचं नाव काडा. त्यानं चावडी पेटवली न्हाई, येवढं लिवून द्या. दुसरं कायबी मागत न्हाई."

ती गेल्यावर तुम्ही मला दौत-टाक आणायला सांगितलंत आणि मी आणली नाही. आपल्या भांडणाची ती सुरुवात. मी म्हणालो, मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवून काय मिळणार? तुम्ही म्हणालात, तिला मिळेल. मी म्हणालो, एक नाव काढलं तर बाकीच्या दहांचं काय? तुम्ही म्हणालात, तेही विचारू. मी म्हणालो, तुमची नोकरी जाईल. तुम्ही म्हणालात, "माझी नोकरी तुम्हाला एवढी प्यारी केव्हापासून झाली, साळवे?" खरं उत्तर वेगळं होतं. चौकशी लागली असती तर पहिला प्रश्न आला असता, हा प्रांत वाचल्याशिवाय सही करत नाही, मग त्या दिवशी का केली? त्याचं उत्तर मी होतो.

तुम्हाला ते कळत होतं. इतकी वर्षं ही एकच गोष्ट मला खात आली, की तुम्हाला ते कळत होतं आणि तुम्ही ते कधी उच्चारलं नाहीत. मला वाचवण्यासाठी तुम्ही कागद लांबवला, की वर तोंड द्यायचं तुमच्याही जिवावर आलं होतं? मी विचारलं नाही. आता कोणाला विचारू? दरवर्षी फिरतीचा तक्ता आखताना तुम्ही शेवटी म्हणायचा, "सावरदरा राहिलंय." मी मान हलवायचो. आपल्या दोघांत त्या दोन शब्दांपलीकडे काही बोलणं उरलं नव्हतं. बाकी सगळं ठीक चालायचं. खडीसाखर चालू होती.

मग तुमची बदली झाली. चांगल्या जागी, वरच्या जागी. दोन वर्षांत तुम्ही ती सोडून पुन्हा याच कोरड्या प्रांतात यायचं मागून घेतलंत आणि सगळ्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं. मीही काढलं. तुम्ही आलात त्या दिवशी कचेरीत हार घालताना मी विचारलं, "साहेब, कशाला आलात?" तुम्ही हार काढून खुंटीला लावलात आणि तक्ता मागवलात.

सत्तेचाळीस आलं आणि सगळे कागद उलटे झाले. ज्यांना आपण धरलं ते व्यासपीठावर आणि आपण खाली, हात जोडून. तुम्ही ते मनापासून केलंत, हे मी सांगू शकतो. कचेरीवर झेंडा चढवताना तुमचे डोळे भरले होते. लोकांना वाटलं, नाटक आहे. मागून कोणी तरी ओरडलंही, "बेचाळीसला कुटं हुता, साहेब?" तुम्ही ऐकलंत. त्या दिवशी जेवला नाहीत.

त्या हिवाळ्यात दौलत पाटील पुन्हा आले. पाळी उलटली नव्हती, कारण गेणूच्या घरी ती घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. नवी चावडी बांधून झाली होती आणि तिच्या भिंतीत दगड बसवायचा होता. बेचाळीसच्या गावच्या वीरांची नावं, उद्घाटन प्रांतसाहेबांच्या हस्ते. नावांची यादी पाटलांनी टेबलावर ठेवली. तीच अकरा नावं होती, साहेब. फक्त अकरावं वर आलं होतं आणि त्याच्यामागे 'हुतात्मा' लागलं होतं.

मला वाटलं, तुम्ही यादी फेकाल. तुम्ही विचारलंत, "पाटील, गेणू त्या दिवशी होता का तिथं?"

पाटील हसले. "साहेब, यादीवर सही तुमचीच हाय की."

तुम्ही गेलात. उद्घाटनाला मीही होतो. दगडावरचं फडकं तुम्ही ओढलंत, टाळ्या झाल्या, मथुराबाईला पुढे बोलावून तिच्या पदरात नारळ घातला. नारळ घेताना ती खाली वाकली आणि तुम्हाला ऐकू जाईल एवढंच म्हणाली. मी तुमच्या शेजारी होतो म्हणून मलाही आलं. "साहेब, ह्ये बी खोटंच की."

परतीच्या वाटेवर खर्ड्याचा किल्ला दिसायला लागला तेव्हा एकदम म्हणालात, "तिचा नवरा आपण दोनदा नेला." मी म्हणालो, निदान आता मानाने. माझं ते वाक्य मला अजून टोचतं.

मग यंदाचं वर्ष. हद्दीपलीकडे जाळपोळ सुरू झाली आणि माणसं गाठोडी घेऊन इकडे येऊ लागली. खर्ड्याच्या माळावर तुम्ही छावणी उभी केलीत. कोणाला किती धान्य, कोणाला कुठली राहुटी, हेसुद्धा तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलंत. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, म्हणून मी बैलगाडीवर चढून वाचायचो. पावसात, चिखलात तुम्ही छत्रीशिवाय हिंडत होता. फौजा गेल्या, पलीकडचं राज्य बुडालं, लोक घरोघर परतले आणि छावणी मोडली त्याच आठवड्यात तुम्हाला ताप आला. विषमज्वर. डाकबंगल्यातल्या त्याच खोलीत तुम्ही पडून होता, जिच्यासमोर ती मोटार उभी राहिली होती.

ती दुपार सांगतो आणि मग कालचं. बाईसाहेब काढा करायला आत गेल्या होत्या. तुम्ही मला जवळ बोलावलंत. ओठ फुटले होते. म्हणालात, "साळवे, पेटीत कागद आहे. निळ्या फितीचा. सावरदरा राहिलंय."

मी पेटी उघडली. तुमच्या स्वतःच्या अक्षरातला कागद. तुम्ही इतक्या वर्षांत माझ्याकडून लिहवून न घेतलेला हा एकच कागद. मी वाचला आणि पलंगाच्या कडेला बसलो. त्यात होतं, की सावरदऱ्याच्या अकरा इसमांच्या यादीवर मी गावात वाचून न दाखवता सही केली. त्यातला गेणू हा सदर दिवशी कोपरगाव येथे होता याची मी स्वतः तेथे जाऊन बागायतदारापाशी खात्री केली आहे. तो चावडी जाळण्यात नव्हता. घाई माझी, चूक माझी. तुम्ही कोपरगावला जाऊन आला होता आणि मला सांगितलं नव्हतं. म्हणजे तुमचा माझ्यावर एवढाही विश्वास उरला नव्हता. आणि तरी त्या कागदात माझं नाव कुठंही नव्हतं.

खाली सही नव्हती. मी टाक बुडवून तुमच्या हातात दिला. म्हटलं, साहेब, सही करा, बाकी मी बघतो. तुम्ही टाक घेतला नाहीत. मला वाटलं, हातात ताकद नाही, म्हणून मी तुमची बोटं धरून कागदाकडे नेली. तुम्ही ती सोडवून घेतलीत.

"आधी वाचून दाखवा," म्हणालात. "तिथं."

चार कोस. टांगा बाहेर उभा होता. मी तेव्हाच गेलो असतो तर उन्हं उतरायच्या आत परत आलो असतो आणि तुम्ही शुद्धीवर होता. मी म्हणालो, "तुम्ही बरे व्हा. आपण दोघं जाऊ." हे मी तुमच्या काळजीने म्हणालो, असं बाईसाहेबांना वाटलं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. भिऊन मी तुम्हाला एकदा सही करायला लावली आणि भिऊनच दुसरी राहू दिली. आमच्यात पाप कबूल करायची रीत आहे, साहेब. मी दर रविवारी करत आलो, मनातल्या मनात, डोळे मिटून. तिथं कोणी उलट प्रश्न विचारत नाही.

काल सकाळी निघालो. दवंडी देववली नाही, तरी प्रांताचा शिरस्तेदार आला म्हटल्यावर चावडी भरली. मथुराबाई दाराशी बसली होती, दगडाकडे पाठ करून. ती थकलीय आता. मी उभा राहिलो आणि तुमचा कागद वाचायला सुरुवात केली. आवाज माझाच वाटेना. 'कोपरगाव येथे होता' इथवर आलो तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, "खरं हाय. त्यो पोळ्यालाच आला हुता." म्हणजे गावाला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

दौलत पाटील उठले. "साळवे, ह्ये कशापायी उकरून काडताय? गावाला एक हुतात्मा हाय, त्यो बी तुमास्नी बघवंना व्हय? आन् सही कुटं हाय साहेबांची? दावा."

मी कागद फिरवून दाखवला. खालचा भाग कोरा. काही जण हसले. पाटील म्हणाले, "बिनसहीचा कागद. न्हाई त्याला शेपूट, न्हाई शिंग." आणि बसले. लोक उठायला लागले. मी कागदाची घडी घातली. मला सुटल्यासारखं झालं, हे तुमच्यापासून काय लपवू? वाचायचं होतं, वाचलं. तुमची इच्छा पुरी झाली. टांगा उभा होता.

तेव्हा मथुराबाई बोलली. "साहेबांनी सही का न्हाई केली?"

मी म्हणालो, वाचून दाखवल्याबिगर साहेब सही करत नव्हते. आधी इथं वाचायचा होता. तोवर ते गेले.

लोक थांबले. मग तिने मान वर करून विचारलं, "मंग त्या येळंला कशी केली?"

साहेब, उत्तर तयार होतं. तुम्हीच लिहून ठेवलं होतं. 'घाई माझी, चूक माझी.' मी नुसतं घडी उलगडून ती ओळ पुन्हा वाचली असती तरी भागलं असतं. आयुष्यभर तुमच्या नावाआड उभा राहिलो, मेल्यावरही तुम्ही आडोसा ठेवून गेला होता. मी घडी उलगडलीसुद्धा. मग तुम्ही ताट उचलून बाहेर आलात ते मला दिसलं, आणि माझे दात वाजायला लागले.

"मी सांगितलं म्हणून," मी म्हणालो. "साहेब इथं येऊन वाचणार होते, बाई. मीच म्हणालो, आज नको. मी दगडांना भ्यालो होतो."

मला वाटलं, ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती उठून माझ्यापाशी आली आणि कागदावर बोट ठेवलं.

"त्ये लिवा," ती म्हणाली. "त्ये बी लिवा ह्यात."

मी चावडीत मांडी घालून बसलो आणि तुमच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं, जे घडलं ते, दगडांसकट. दोन ठिकाणी खाडाखोड झाली. वरून शेरा येईल, 'कागद स्वच्छ पाठवावेत.' लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आता वाचा. पयल्यापासनं." मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून वाचला. या वेळी कोणी उठलं नाही. संपल्यावर तुमच्या रीतीप्रमाणे विचारलं, कोणाचं काही म्हणणं आहे का.

"आसंच हुतं," मथुराबाई म्हणाली. पदर सावरून ती घराकडे निघून गेली. मला रामराम केला नाही, मागे वळून पाहिलं नाही. तिने मला क्षमा केलेली नाही आणि मी मागितली नाही. भिंतीतला दगड तसाच आहे, त्यावरचं नावही. पाटील ते खोडू देणार नाहीत. कागदाचं वर काय होईल ते होवो, मी तो उद्या पाठवतोय आणि त्याबरोबर माझा राजीनामाही.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. सावरदरा झालं, असं म्हणायला जीभ उचलत नाही. सही करून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मी माझी सही पार खाली, कागदाच्या कडेला केली होती. वर बोटभर जागा कोरी सुटली होती. मुद्दाम सोडली नव्हती. इतकी वर्षं सोडत आलो, हाताला तेच वळण.

आपला,
शांतवन साळवे